टेसी बेझिनाचा दावा

टेसी बेझिना उसाची आगगाडी चालवायची. ऑस्ट्रेलियातल्या मकाय शहराच्या उत्तरेला टालबोट क्रीक म्हणून आमचं गाव आहे. चारी बाजूंनी ऊस, मधोमध साखर कारखाना, आणि कारखान्यातून फुटून शेतांत शिरणारे अरुंद रूळ. जूनमध्ये गाळप सुरू झालं की नोव्हेंबर सरेपर्यंत त्या रुळांवर टेसीचं पिवळं इंजिन मागे डब्यांची लांबलचक माळ ओढत फिरत असायचं.

सुरुवातीला ती कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. मग रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत गेली. तिथून एक दिवस तिने इंजिनाच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. तेव्हाचा फोरमन म्हणाला, "टेसी, ब्रेक लावायला जोर लागतो."

"जोर तुमच्या माणसांना लागतो," ती म्हणाली. "वेळेवर लावत नाहीत म्हणून."

ती पास झाली आणि मग वीस-बावीस हंगाम कुणी तिच्या जोराबद्दल बोललं नाही. बाई बुटकी, खांद्यात भरलेली, आवाज असा की इंजिन चालू असतानाही दोन शेतं पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. नवरा नीनू तिच्या अगदी उलट. दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली चार कोंबड्यांशी. दोघांचे आजे-पणजे माल्टाहून ऊस तोडायला आलेले. त्यामुळे घरात रविवारी सशाचं कालवण आणि ओव्हनमधली मॅकरोनी हे ठरलेलं, आणि टेसी दोन्ही दोनदा वाढून घ्यायची.

ते तिला नडलं. नीनूची बहीण जॉयस, तिच्या मुलीच्या लग्नात टेसी जेवून उठली आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की ती हॉलच्या पायरीवरच बसली. आधी तिने ते जॉयसच्या स्वयंपाकावर ढकललं. पण मग कळ वरचेवर यायला लागली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, आणि गावच्या दवाखान्याने तिला डॉक्टर ट्रेगरकडे पाठवलं.

इवन ट्रेगर आमचा एकुलता एक सर्जन. मोठ्या शहरांतून डॉक्टर यायचे, वर्षभरात कंटाळायचे आणि जायचे. हा आला आणि राहिला. अर्ध्या गावाची अपेंडिक्सं, हर्निया, मोडलेली हाडं त्याच्या हातून गेलेली. नीनूचा हात एकदा ऊस तोडणी यंत्रात सापडला होता. तो हात वाचला तो ट्रेगरमुळे. त्या वर्षापासून दर ख्रिसमसला टेसी त्याच्या घरी रिकोटा चीज भरलेल्या पास्तिझ्झींचा, म्हणजे माल्टाच्या खुसखुशीत करंज्यांचा, डबा पोचवायची. त्यामुळे ऑपरेशन त्याच्याकडे करायचं हे ऐकून ती उलट निर्धास्त झाली.

"गाळप संपल्यावर करू," ती म्हणाली. "हंगामात मला वेळ नाही."

"खड्यांना तुमचा हंगाम कळत नाही, टेसी," ट्रेगर हसून म्हणाला. पण त्याने डिसेंबरची तारीख दिली. चार लहान भोकं, दुर्बिणीचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. शेजारच्या नळ्यांना क्वचित इजा होऊ शकते हेही त्याने सांगितलं. टेसीने ऐकलं आणि सही केली. विमानात बसताना माणूस सुरक्षेची सूचना ऐकतो तसं ऐकलं, असं ती नंतर म्हणायची.

ऑपरेशन झालं. ट्रेगर संध्याकाळी खाटेपाशी आला. "पित्ताशय फार सुजलेलं होतं, आजूबाजूला चिकटलं होतं. पण निघालं व्यवस्थित," म्हणाला. टेसी घरी आली ती पोट धरूनच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, ती दोन-तीन दिवस दुखवते, हे तिला सांगितलेलं होतं. म्हणून तिने कळ काढली. पण पोट उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. ट्रेगरच्या दवाखान्यात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, पेपरमिंटचा चहा घ्या आणि चाला. टेसी व्हरांड्याच्या कठड्याला धरून चालली. चालता चालता घामाने भिजली.

शेवटी नीनूने तिला गाडीत घालून ट्रेगरकडे नेलं. ट्रेगरने पोट दाबून पाहिलं. रक्त तपासायला घेतलं नाही, सोनोग्राफी केली नाही.

"हवाच आहे," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या कामाच्या माणसाला पडून राहायची सवय नसते. शरीर कुरकुर करतं."

"डॉक्टर, मी कुरकुर करणारी नाही. तुम्ही मला ओळखता."

"ओळखतो म्हणूनच सांगतोय. आठवडा जाऊ द्या."

आठवडा जायच्या आत नीनू कोंबड्यांना दाणे टाकता टाकता थांबला. टेसी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तुझे डोळे पिवळे झालेत," तो म्हणाला.

"बाथरूममधला बल्बच पिवळा आहे."

"मी तुला अंगणात बघतोय, टेसी. उन्हात."

नीनूने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला न विचारता निर्णय घेतला. त्याने तिला ट्रेगरकडे नेलं नाही. गावच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती, अजून कुणाशी ओळखही न झालेली. तिच्यापुढे नेऊन बसवलं. तिने डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, लघवीचा रंग विचारला, अंगाला खाज येते का विचारलं. खाज येत होती. इतकी की टेसीने पाठ दाराच्या चौकटीला घासून घेतली होती. डॉक्टरणीने तिथल्या तिथे फोन उचलला. दुपारी टेसी रुग्णवाहू विमानात होती आणि खाली तिचेच रूळ दोरे टाकल्यासारखे दिसत होते. पण तिला ते बघायचंही भान नव्हतं.

ब्रिस्बेनच्या मोठ्या इस्पितळात यकृताच्या शस्त्रक्रिया करणारी विजेसिंघे नावाची डॉक्टर होती. मूळची श्रीलंकेची, बोलायला मऊ. तापाची धग उतरली, पोटात साठलेलं पित्त नळी घालून काढलं गेलं, तेव्हा ती टेसीच्या खाटेवर येऊन बसली. खिशातलं पेन काढून तिने जेवणाच्या कागदी रुमालावर चित्र काढलं.

"हे यकृत. इथे पित्त तयार होतं. ही मोठी नळी पित्त आतड्यात नेते. ही फांदी समजा. पित्ताशय म्हणजे या फांदीला लटकलेलं फळ. आणि हा त्याचा देठ."

"बरं."

"फळ काढायचं तर देठ कापतात."

टेसीने चित्राकडे पाहिलं. "आणि माझ्यात काय कापलं?"

"फांदी," विजेसिंघे म्हणाली.

नीनू खिडकीपाशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली, जणू कुणी गेल्याची बातमी आली होती.

"हे कुणाच्याही हातून होऊ शकतं का?" टेसीने विचारलं.

"झालं आहे. चांगल्या सर्जनांच्याही हातून. पण तुमच्या बाबतीत टाळता आलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते. मी दुरुस्ती करणारी आहे." तिने रुमाल टेसीच्या हातात दिला. "विचारायचा हक्क मात्र तुमचा आहे."

दुरुस्ती लगेच होत नव्हती. आतली सूज उतरायला हवी होती. टेसी कुशीतून बाहेर आलेली नळी आणि पिशवी घेऊन कित्येक आठवडे नीनूच्या मावसबहिणीकडे ब्रिस्बेनला राहिली. मग मोठं ऑपरेशन झालं. पोट आडवं उघडून, आतड्याचा एक वेढा वर ओढून थेट यकृताच्या नळीला शिवला. घरी आली तेव्हा तिचं वजन इतकं उतरलेलं की जॉयस दारात तिला बघून काही क्षण कुणीतरी पाहुणी समजली.

पण या सगळ्यात टेसीला खटकत राहिली ती वेगळीच गोष्ट. ट्रेगरचा फोन आला नाही. ब्रिस्बेनला असताना आला नाही, घरी आल्यावर आला नाही. ज्या माणसाला ती दर ख्रिसमसला डबा पोचवत होती त्याने, कशा आहात, एवढंही विचारलं नाही. चालता यायला लागल्यावर ती स्वतः त्याच्या दवाखान्यात गेली. दरवाजाआडून त्याचा आवाज येत होता. काउंटरवरची बाई खाली मान घालून म्हणाली, "टेसी, त्यांच्या विमा कंपनीने सांगितलंय. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून."

"मी त्याला काय खाणार आहे? मला तर आता धड काही खाताही येत नाही."

बाई हसली नाही. टेसी घरी आली आणि नीनूला म्हणाली, "मकायला वकील शोध."

तो एक फोन आला असता तर हा दावा झालाच नसता, असं ती आजही सांगते. नीनूला ते पटत नाही. तो म्हणतो, तू दावा केलाच असतास, फक्त आधी चहा पाजला असतास.

ब्रॉनविन टुल ही वकील मकायच्या एका बेकरीवरच्या माळ्यावर बसायची. पन्नाशीची, केस आखूड. बोलणं असं की गोड शब्द तिला कुणी शिकवलेच नसावेत. तिने टेसीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची नळी कापली गेली, एवढ्यावर तुम्ही जिंकणार नाही."

"मग कशावर?"

"चूक होणं वेगळं आणि हलगर्जी होणं वेगळं. ते म्हणणार, हा माहीत असलेला धोका आहे, सही तुमची आहे. आपल्याला दाखवावं लागेल की दुसरा कुणी नीट सर्जन त्या जागी असता तर त्याने असं केलं नसतं. आणि ते मी नाही सांगायचं. दुसऱ्या सर्जनने सांगायचं."

"एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध बोलेल?"

"या राज्यातला कदाचित नाही. ॲडलेडला एक आहे. त्याला मित्र कमी आहेत."

ॲडलेडच्या त्या म्हाताऱ्या सर्जनने ऑपरेशनचे कागद तपासले. त्याचं म्हणणं सरळ होतं. पित्ताशय इतकं चिकटलेलं असताना कुठली नळी कोणती हे नक्की दिसत नव्हतं. अशा वेळी थांबून नळीत औषध सोडून टेबलावरच एक्स-रे काढायचा असतो. नाहीतर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं, किंवा मकायच्या सर्जनला फोन लावायचा. यातलं एकही केलं गेलं नाही. आणि रुग्ण परत आला, पोट फुगलेलं, दुखतंय म्हणून सांगतोय, तेव्हा साधी रक्ततपासणीही केली नाही. पहिली गोष्ट वाईट होती, पण दुसऱ्या गोष्टीला ट्रेगरकडे सबबच नव्हती.

दाव्याची बातमी गावात पसरली. आमच्याकडे बातमीला पाय लागत नाहीत, तिला रूळच आहेत. कारखान्यातली माणसं टेसीच्या बाजूची होती, निदान तिच्या तोंडावर. पण बाकी गाव धास्तावलं. ट्रेगर गेला तर पुढचा सर्जन कधी येणार? बाळंतपण अडलं, कुणाचा हात यंत्रात गेला, तर मकायपर्यंत पोचायचं कसं? पावसाळ्यात पूल पाण्याखाली असतात तेव्हा काय? पोस्टातली बाई टेसीला सुट्टे पैसे देताना तिच्या बोटांना बोट लागू देईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा रिकामी राहायला लागली.

सगळ्यात जास्त बोलली जॉयस. एका शनिवारी, गवतावर चेंडू घरंगळवायचा खेळ चालतो त्या बोल्स क्लबच्या हिरवळीवर, सगळ्यांच्या देखत.

"तुला नेमकं हवंय काय, टेसी? त्याला गावाबाहेर घालवायचंय?"

"नाही."

"मग काय? नीनूचा हात विसरलीस?"

"तो हात रोज माझ्या अंगावर पडतो, जॉयस. कसा विसरेन?"

दोघी-तिघी खुदकन हसल्या. जॉयसचा चेहरा लाल झाला.

"माणसाच्या हातून चूक होते. देवही माफ करतो."

"देवाने माफ करायच्या आधी माणसाला कबूल करावं लागतं. आपला धर्म तर तोच आहे ना? का तुझा वेगळा आहे?" टेसी म्हणाली आणि वाकून आपला चेंडू टाकला. पोटावरची जुनी जखम ताणली गेली, पण चेंडू जिथे हवा तिथे जाऊन थांबला. त्या दिवसापासून जॉयसने रविवारी जेवायला बोलावणं बंद केलं. नीनू एकटाच बहिणीकडे जायचा आणि परत येताना टेसीसाठी झाकलेलं ताट आणायचा. ते ताट जॉयसच भरून द्यायची, पण त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

पुढचा हंगाम आला तेव्हा कारखान्याने तिला वजनकाट्यावर बसायचं काम देऊ केलं. बसून काम, पंख्याखाली. टेसीने एक हंगाम ते केलं. त्या हंगामात तिला दोनदा थंडी वाजून ताप भरला. जोडलेल्या नळीत जंतू शिरले की असं होतं, आणि ते आता जन्माचं होतं हे तिला विजेसिंघेने सांगून ठेवलं होतं. दोन्ही वेळा इस्पितळात सलाईन घेऊन ती परत काट्यावर आली. मग हंगामाबाहेरच्या महिन्यांत ती रोज सकाळी रुळांच्या कडेने चालायला लागली. आधी पहिल्या फाट्यापर्यंत, मग दुसऱ्या, मग ओढ्यावरच्या पुलापर्यंत. जूनमध्ये भोंगा वाजला तेव्हा ती फोरमनसमोर उभी राहिली. हा नवा फोरमन, जुन्याचा पुतण्या.

"चढून दाखव," तो म्हणाला.

ती इंजिनाच्या शिडीने वर चढली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "आता तू चढ. तुझंच पोट जास्त मोठं आहे."

तिला इंजिन परत मिळालं.

आमच्या राज्यात असा दावा कोर्टात उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंना एकत्र बसावं लागतं, तसा नियम आहे. ती बैठक मकायला एका हॉटेलच्या सभागृहात ठरली. टेसी आणि ब्रॉनविन एका खोलीत, विमा कंपनीचे वकील दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या व्हरांड्यातून प्रस्तावांची ये-जा. टेसीला वाटलं होतं ट्रेगर समोर बसेल. तो आलाच नव्हता.

दुपारपर्यंत रक्कम तिथपर्यंत आली जिथे ब्रॉनविन म्हणाली, "माझा सल्ला विचाराल तर घ्या. कोर्टात याहून जास्त मिळेलच असं नाही. कमीही मिळेल." मग तिने अटी वाचून दाखवल्या. त्यातली एक अशी होती की काय घडलं याबद्दल टेसीने यापुढे कुणाशीही बोलायचं नाही.

"हे काय?"

"असं बहुतेक वेळा असतं. झाकून ठेवायचं."

"काढायला सांग."

"ते म्हणतील, मग रक्कम कमी."

"ब्रॉनविन, मी पोटाचे पैसे घेईन. गप्प बसायचे घेणार नाही. आयुष्यात मला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही, त्यांना सांग, तेवढे पैसे त्यांच्या कंपनीत नसतील." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि ट्रेगरला बोलवा. तो येऊन माझ्याशी बोलल्याशिवाय मी कशावर सही करणार नाही. कोर्टात जायला मला भीती नाही. मी वीस वर्षं शंभर टन ऊस उतारावर थांबवलाय."

ब्रॉनविनने कागद गोळा केले. मग उठून व्हरांड्यात गेली. तिकडचे वकील आधी नाही म्हणाले. असा पायंडा नाही म्हणाले. डॉक्टर कामात आहेत म्हणाले. ब्रॉनविनने त्यांना आठवण करून दिली की या राज्यात डॉक्टरने माफी मागितली तर ती कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, कायद्यातच तसं आहे. मग भीती कसली? बराच वेळ फोनाफोनी झाली. दुपार कलली तेव्हा दार उघडून इवन ट्रेगर आत आला. टालबोट क्रीकहून तासाभराचा रस्ता स्वतः गाडी चालवत आला होता. टेसीने त्याला जवळून पाहिलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तो म्हातारा दिसत होता.

त्याचा वकील मागोमाग येत होता. ट्रेगर त्याला म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा." वकील थांबला नाही, पण भिंतीला टेकून उभा राहिला.

"बसा, डॉक्टर," टेसी म्हणाली.

तो बसला. हात टेबलावर ठेवले, मग खाली घेतले.

"मला एवढंच सांगा," टेसी म्हणाली. "तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

"मला देठ दिसला," तो म्हणाला. "मी शपथेवर सांगतो, टेसी. मी त्या नळीकडे बघत होतो आणि मला देठच दिसत होता. सगळं चिकटलेलं होतं, रक्त होतं, आणि तरी मला शंका आली नाही. शंका आली असती तर मी थांबलो असतो. एक्स-रे काढला असता. मी हजाराच्या वर पित्ताशयं काढलीत. त्यामुळेच शंका आली नाही."

टेसीने मान हलवली. हे तिला समजत होतं. धुक्यात सिग्नल हिरवा दिसला असं छातीठोक सांगणारे ड्रायव्हर तिने पाहिले होते. ते खोटं बोलत नसत.

"बरं. ते झालं. पण मी परत आले तेव्हा? मी तुमच्या टेबलावर झोपून सांगत होते की मी कुरकुर करणारी नाही."

ट्रेगरने हात पुन्हा टेबलावर ठेवले. भिंतीपाशी वकिलाने पाय बदलला.

"तेव्हा मला थोडी शंका आली होती," तो म्हणाला. "तुमच्या पोटाला हात लावल्यावर. आणि ते खरं नसावं असं मला इतकं वाटत होतं की मी बघितलंच नाही. रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं."

वकील म्हणाला, "डॉक्टर—"

"तुम्ही गप्प बसा," ट्रेगर त्याच्याकडे न बघता म्हणाला. मग टेसीकडे पाहिलं. "मी चुकलो. पहिल्यांदा हाताने चुकलो, दुसऱ्यांदा माणूस म्हणून. आणि नंतर फोन केला नाही. ते मला करू दिलं नाही हे खरं आहे, पण मी फार भांडलो असंही नाही. मला माफ करा."

टेसीला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला रडू येईल किंवा संताप येईल. दोन्ही आलं नाही. फक्त अंगातून काहीतरी उतरलं, दिवसभराची फेरी संपवून डबे सोडल्यावर इंजिन हलकं होतं तसं.

"पुढच्या बाईचं काय?" तिने विचारलं.

"कुठल्या पुढच्या बाईचं?"

"गावात खडे काय मला एकटीलाच होतात का?"

मग त्याने सांगितलं. त्या डिसेंबरपासून तो प्रत्येक पित्ताशयाला टेबलावर एक्स-रे काढत होता, सोपं वाटलं तरी. आणि अवघड वाटलं तर मकायच्या सर्जनला बोलवत होता, नाहीतर रुग्णालाच तिकडे पाठवत होता. परत आलेल्या प्रत्येक रुग्णाचं रक्त तपासलं जात होतं, मग तो कुरकुर करणारा असो वा नसो. हे तो कुणाला सांगत नव्हता, कारण का सुरू केलं असं लोक विचारतील.

"मी सांगेन लोकांना," टेसी म्हणाली. "म्हणूनच मला ती अट नकोय."

अट काढली गेली. रक्कम थोडी कमी झाली. किती ते टेसी आता खुशाल सांगते, पण नीनू विषय बदलतो. त्या पैशातून इस्पितळांच्या फेऱ्या, औषधं, बुडलेले हंगाम भरून निघाले, आणि नीनूच्या कोंबड्यांना नवं खुराडं आलं. ट्रेगर गावातच राहिला. पोस्टातल्या बाईला पुन्हा टेसीच्या बोटांची भीती वाटेनाशी झाली. तिच्या बाकावर लोक परत बसायला लागले, जणू कधी उठलेच नव्हते.

यानंतर वर्षाभराने जॉयस एक दिवस न बोलावता घरी आली. पोटाला हात लावून स्वयंपाकघरात उभी राहिली. खडे. दवाखान्याने ट्रेगरचं नाव दिलं होतं.

"नीनूला सांग मला ब्रिस्बेनला सोडायला," ती म्हणाली. "नाहीतर टाउन्सव्हिल. पण त्याच्याकडे नाही. मी मेले तरी नाही."

टेसी ओट्याला टेकली आणि नणंदेकडे बघून हसायला लागली. पोटावर हात दाबून हसली, कारण जोरात हसलं की तिला अजून ओढ लागायची.

"हसतेस काय?"

"बोल्स क्लबवर तू काय म्हणाली होतीस? माणसाच्या हातून चूक होते."

"तेव्हा पोट माझं नव्हतं," जॉयस म्हणाली. हे इतकं प्रामाणिक होतं की टेसीचं हसू थांबलं.

तिने जॉयसला खुर्चीत बसवलं. "नीट ऐक. ब्रिस्बेनला जाशील तर तिथे तुला कोण मिळेल तुला माहीत आहे का? एखादा, ज्याच्या हातून अजून काही झालेलं नाही. ज्याला अजून शंका येत नाही. इथे ट्रेगर आहे. तो आता देठ दिसला तरी चारदा बघतो. मी गॅरंटी देत नाही, ती कुणीच देऊ नये. पण माझी बहीण असती तर मी तिला त्याच्याकडेच पाठवलं असतं."

"तू स्वतः गेली असतीस?"

टेसीने विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "झोप लागली नसती," ती म्हणाली. "पण गेले असते."

जॉयसचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. टेसी बाहेरच्या बाकावर बसली होती, नीनू शेजारी टोपी हातात घेऊन. ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात टेसीने भिंतीवरचं आरोग्याचं एकूणएक पोस्टर वाचून काढलं. शेवटी ट्रेगर हिरव्या कपड्यांतच बाहेर आला. तो नीनूशी बोलेल असं वाटलं, पण तो टेसीसमोर येऊन थांबला.

"चिकटलेलं होतं," तो म्हणाला. "एक्स-रे काढला. स्पष्ट आला नाही म्हणून परत काढला. मग कापलं. म्हणून उशीर झाला."

"काय कापलं?"

"देठ," ट्रेगर म्हणाला.

"बरं झालं," टेसी म्हणाली. "आता जाऊन काहीतरी खा, डॉक्टर. तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

जॉयस दुसऱ्या दिवशी घरी गेली. तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून तिने दवाखान्यात फोन केला, तेव्हा तिला लगेच बोलावून रक्त तपासलं गेलं. ती खरोखर हवाच होती. जॉयस हे सगळ्या गावाला सांगत फिरली, आणि शेवटी नेहमी जोडायची की हे आमच्या टेसीमुळे बरं का. रविवारची आमंत्रणं परत सुरू झाली. टेसीला आता मॅकरोनी अर्धीच पचते, तरी ती ताट भरून घेते आणि उरलेलं नीनूच्या ताटात सरकवते.

ती अजून इंजिन चालवते. थंडी-तापाचा झटका वर्षातून एकदा तरी येतो. तेव्हा ती फोरमनला कळवते, पिशवीत दोन कपडे टाकते आणि इस्पितळात जाऊन स्वतःहून सांगते की माझ्या यकृताच्या नळीत जंतू गेलेत, अमुक औषध लागू पडतं, आणि आधी रक्त तपासा. नव्या नर्सेसना सुरुवातीला ही बाई आगाऊ वाटते. मग जुनी कुणी त्यांना बाजूला घेऊन सांगते, ही टेसी बेझिना, हिचं आधी ऐकून घ्यायचं.